मेहकरच्या ‘शीळ’पासून घरच्या ट्रॅकपर्यंत : गाणाऱ्याचा आवाज साथीपासून वेगळा कसा झाला?

बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या घरात आज कोणी तरुण कानाला हेडफोन लावतो, संगणकावर तयार ट्रॅक सुरू करतो आणि त्यावर आपला आवाज रेकॉर्ड करतो. चुकले तर तेवढीच ओळ पुन्हा गातो. यात आता कोणालाही नवल वाटत नाही. परंतु गाणारा एकटा, वाजवणारे गैरहजर आणि तरीही दोघे एकाच तालात, ही गोष्ट सामान्य घरात शक्य होण्यासाठी जवळजवळ पाऊण शतक जावे लागले.

हा थ्रेड त्या पाऊण शतकाचा आहे. त्याची सुरुवात बुलढाण्यातूनच करणे योग्य, कारण मराठी भावगीताच्या ध्वनिमुद्रणाचा आरंभ ज्या गीतापासून मानला जातो, त्याचे शब्द याच जिल्ह्यातले आहेत.

नागोराव घनश्याम देशपांडे, म्हणजेच कवी ना. घ. देशपांडे, यांचा जन्म २१ ऑगस्ट १९०९ रोजी शेंदुरजन येथे झाला. पुढे ते मेहकरला वकिली करीत. ‘शीळ’ ही कविता त्यांनी १९२९ मध्ये, वयाच्या विशीत लिहिली. विदर्भातलेच तरुण गायक जी. एन. जोशी, तेही कायद्याचेच पदवीधर, ती गाऊ लागले आणि १९३२ मध्ये हिज मास्टर्स व्हॉईस, म्हणजे एच.एम.व्ही.ने त्यांच्या आवाजात तिची तबकडी काढली. ना. घ. यांचा ‘शीळ’ हा कवितासंग्रह निघाला तो १९५४ मध्ये. म्हणजे कवीचे पहिले पुस्तक वाचकाच्या हाती येण्याआधी बावीस वर्षे त्याचे शब्द ग्रामोफोनच्या कर्ण्यातून घरोघर पोचलेले होते. छपाईच्या आधी ध्वनिमुद्रणाने कवीला ओळख मिळवून दिली, असे उदाहरण त्या काळात विरळाच.

त्या वेळी मेहकरहून निघालेल्या गाण्याला तबकडीपर्यंत पोचायचे तर मुंबई गाठावी लागे. मेहकरला रेल्वे नव्हती. ती आजही नाही. पण अंतर ही त्यातली लहान अडचण होती. मोठी अडचण ध्वनिमुद्रणाच्या रीतीतच होती.

१९३२ मधले रेकॉर्डिंग डोळ्यांसमोर आणून पाहावे. गायक, पेटीवाला, तबलजी असे सगळे एकाच खोलीत, एका मायक्रोफोनसमोर बसलेले. फिरणाऱ्या मेणाच्या जाड चकतीवर सुई खाच कोरत जाते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावतात. लाल दिवा लागला की सुरू करायचे आणि चकती संपण्याआधी समेवर येऊन थांबायचे. मधे तबला चुकला, गायकाला खोकला आला किंवा शब्द विसरला, तर ती चकती वाया. दुरुस्तीला वाव नाही.

याहून विलक्षण बाब म्हणजे, गाऊन झाल्यावर ते लगेच ऐकण्याची सोयही नसे. मेणाच्या चकतीवर सुई फिरवली की खाच खराब होई. त्यामुळे ती चकती जपून कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात जाई, तिथे तिच्यावरून धातूचा साचा तयार होई आणि त्या साच्यावरून तबकडी निघे. आपण कसे गायलो हे कलावंताला कळायला असा लांबचा प्रवास घडावा लागे. आणि त्या खाचेत गायक व साथीदार असे एकजीव झालेले असत, की एकाला दुसऱ्यापासून सोडवणे कोणाच्या कल्पनेतही नव्हते.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भावगीत हा प्रकारच यंत्राच्या एका बदलामुळे शक्य झाला. १९२५ पूर्वी ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोराने गात असे. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला, तो असाच. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची सवय असलेल्या गायकांना हे जमे. पण कुजबुजीच्या जवळ जाणारा, एका श्रोत्याच्या कानाशी बोलल्यासारखा हळवा स्वर कर्ण्याला पकडताच येत नसे. विद्युत मायक्रोफोन आला आणि तो स्वर पकडता येऊ लागला. ‘शीळ’ त्यानंतरच्या सात वर्षांत आली. कवितेतल्या हळुवारपणाला यंत्राची साथ मिळाली. यंत्र बदलले की गाण्याचा प्रकार बदलतो, हा धागा पुढेही पुन्हा हाती लागेल.

(जी. एन. जोशी पुढे एच.एम.व्ही.तच ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले. लाल दिव्यासमोर घामाघूम होणारा गायक काचेपलीकडे जाऊन बसला. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची १९६७ मधली प्रसिद्ध ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी त्यांच्याच निर्मितीतली.)

आता आवाज आणि साथ वेगळी करण्याचा पहिला प्रयत्न. तो एका हट्टी वादकाचा होता. एप्रिल १९४१ मध्ये अमेरिकेत सिडनी बेशे या जॅझ वादकाने सनई-वर्गातली तीन वाद्ये, पियानो, बास आणि ड्रम अशी सहा वाद्ये एकट्याने वाजवून एक गाणे मुद्रित केले. कृती अशी : आधी एक वाद्य चकतीवर घ्यायचे, मग ती चकती वाजवत तिच्याबरोबर दुसरे वाद्य वाजवून दोन्ही मिळून नव्या चकतीवर घ्यायचे, मग तिसरे. दर फेरीला पहिले वाद्य अधिकाधिक अस्पष्ट होत जाई, कारण ते नकलेची नक्कल बनत असे. शेवटच्या वाद्यात चूक झाली तर आधीच्या सगळ्यांचा अंतिम मेळ बिघडे.

१९४८ मध्ये लेस पॉल या गिटारवादकाने आपल्या घराच्या गॅरेजमध्ये हेच तंत्र वापरून एकट्याने आठ गिटारींचा आभास निर्माण केला. घरच्या घरी स्वतःवर स्वतःची साथ चढवणाऱ्या आजच्या प्रत्येक पोराचा तो आद्य पूर्वज. १९५१ मध्ये त्याची पत्नी मेरी फोर्ड हिने एकाच गाण्यात स्वतःबरोबर स्वतः अनेक सुरांत गाऊन दाखवले. तोवर चुंबकीय फीत आली होती. जर्मनीत १९३५ मध्ये तिचे यंत्र प्रथम लोकांसमोर आले आणि महायुद्धानंतर ते अमेरिकेत पोचले. फीत कापता येई, चिकटवता येई, पुसता येई. मेणाच्या चकतीवरचा कोरीव लेख आता पाटीवरचा लेख झाला.

फितीवरही एक अडचण उरली होती आणि ती समजून घेणे आवश्यक आहे, कारण चाळीस वर्षांनी तीच अडचण बुलढाण्याच्या संगणकावर पुन्हा उभी राहिली. फितीच्या यंत्रात मुद्रण करणारे टोक आधी येते आणि ऐकवणारे टोक त्याच्या थोडे पुढे असते. दोघांत दोन इंचांचे अंतर धरले आणि फीत सेकंदाला १५ इंच वेगाने धावत असली, तर ऐकू येणारी साथ सुमारे सेकंदाचा सातवा-आठवा भाग मागे पडते. गायक त्या साथीवर नेमका गायला, तरी फितीवर त्याचा आवाज तेवढाच चुकीच्या जागी बसतो. अँपेक्स कंपनीने १९५० च्या दशकात यावर तोड काढली : मुद्रण करणारे टोकच काही पट्ट्यांसाठी ऐकवण्याचे काम करील, अशी रचना. १९५७ मध्ये लेस पॉलच्या हाती आठ पट्ट्यांचे असे यंत्र आले. एका पट्टीवर ढोल, दुसरीवर पेटी, तिसरीवर आवाज. प्रत्येक जण वेगळ्या दिवशी आला तरी सगळे एकाच तालात. ‘ट्रॅक’ हा शब्द मुळात या पट्टीचा आहे.

भारतात मात्र हे लगेच घडले नाही. हिंदी चित्रपटात पार्श्वगायन १९३५ च्या ‘धूप छाँव’पासून रुळले, पण तिथे गाणे आणि वादन एकत्रच होई, वेगळा होई तो पडद्यावरचा चेहरा. मुंबईच्या स्टुडिओंत डझनावारी वादक आणि गायक एकाच वेळी श्वास रोखून ‘टेक’ देत, ही पद्धत त्यानंतर कित्येक दशके टिकली. गावाकडच्या गायकासाठी तर दारे दोनच होती. एक आकाशवाणी, जिथे आवाजाची चाचणी पार करावी लागे. नागपूरचे केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले होते. दुसरे दार मुंबईच्या कंपन्यांचे. दोन्ही ठिकाणी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणारा माणूस खुर्चीत बसलेला असे.

आवाज कोणाचा आणि तो टिपून ठेवण्याचे साधन कोणाच्या हाती, हा प्रश्न या भागाला नवा नव्हता. संत चोखामेळा मूळचे देऊळगाव राजाजवळच्या मेहुणा राजाचे मानले जातात. त्यांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या लेखकाने लिहून घेतले, असे परंपरा सांगते. गाणारा एक, लेखणी दुसऱ्याची.

कंपन्यांच्या दाराला पहिली फट पाडली ती कॅसेटने. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली ही इवलीशी वस्तू भारतात १९८० च्या दशकात स्वस्त झाली आणि एच.एम.व्ही.चे साम्राज्य काही वर्षांत खिळखिळे झाले. कॅसेटची नक्कल काढायला कारखाना लागत नसे. दोन यंत्रे आणि एक खोली पुरे. भीमगीते, भारुडे, कव्वाल्या, देवांची गाणी यांचा पूर आला. प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचे आवाज खेड्यापाड्यांत पोचले ते बसस्टँडवरच्या कॅसेटच्या टपऱ्यांतून. गाणे विकण्याचा खर्च उतरला; मुद्रित करण्याचा मात्र अजून पुरेसा उतरला नव्हता. वादकांचे मानधन, स्टुडिओचे तासाचे भाडे आणि मुंबईचा मुक्काम हे तिन्ही कायमच होते.

याच सुमारास, १९७९ मध्ये, जपानच्या टियाक कंपनीने साध्या कॅसेटवर चार पट्ट्या वेगवेगळ्या मुद्रित करणारे यंत्र काढले. अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने १९८२ चा आपला ‘नेब्रास्का’ हा अल्बम घरी बसून अशाच यंत्रावर गायला. विदर्भातल्या गायकाच्या घरी असले यंत्र येणे दुरापास्त होते. त्याच्याकडे आले ते दुसरेच काही : कॅसिओ. मूळ हे एका जपानी कंपनीचे नाव; पण महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रांनी ते सगळ्याच कळफलक-वाद्यांना देऊन टाकले. कळ दाबली की ताल आपोआप वाजे. लग्नातल्या ऑर्केस्ट्रात एका माणसाने तिघांची जागा घेतली. साथ देणारा माणूस गेला तरी साथ राहू शकते, हा धडा गावाने संगणकाच्या आधी कॅसिओकडून शिकून घेतला होता.

जपानमध्ये १९७१ मध्येच कोबे शहरातल्या दाइसुके इनोउए या वादकाने कराओकेचे यंत्र बनवले होते. तो उपाहारगृहांत ग्राहकांच्या गाण्याला साथ देत असे. एकदा एका ग्राहकाला गावाबाहेरच्या सहलीत साथ हवी होती. इनोउएला जाता येईना, म्हणून त्याने साथ मुद्रित करून फीत पाठवली. वादकाच्या गैरहजेरीतून हा सारा व्यवसाय जन्मला. त्याने पेटंट घेतले नाही. ट्रॅकवर गाण्याची जगभरची उलाढाल पाहता हा इतिहासातला महागडा विसर म्हणावा लागेल.

आता संगणक. घरच्या संगणकाला आवाज येण्याआधी त्याला फक्त ‘पीं’ करता येई. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे ‘साऊंड ब्लास्टर’ कार्ड आले, १९९२ मध्ये त्याची सीडीच्या तोडीचा आवाज देणारी आवृत्ती आली. पण आवाज साठवायचा कुठे? सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेली मोजमापे. दोन्ही कानांसाठीचा एक मिनिटाचा आवाज सुमारे १० मेगाबाइट जागा खातो. त्या काळच्या १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर अशा आवाजाचे जेमतेम आठ सेकंद मावत. ‘शीळ’सारखे तीन मिनिटांचे गाणे एकाच वाहिनीवर साठवायचे म्हटले, तरी अकरा फ्लॉप्या लागल्या असत्या.

हार्ड डिस्क मोठ्या होत गेल्या तशी ही अडचण सुटली. १९९६ मध्ये स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीच्या ‘क्यूबेस’ने ध्वनिमुद्रण, मिश्रण आणि आवाजाचे संस्कार हे सगळे एका घरगुती संगणकात आणले. १९९७ मध्ये ‘कूल एडिट प्रो’ आले, त्याच वर्षी ‘फ्रूटी लूप्स’ आले, आणि २००० मध्ये ‘ऑडॅसिटी’ हे फुकट सॉफ्टवेअर. शेवटचे नाव जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाचे, कारण त्यासाठी ना पैसे लागत ना चोरीची सीडी.

आणि इथे फितीवरची जुनी अडचण परत आली. ट्रॅक ऐकवणे आणि त्याच वेळी आवाज आत घेणे, ही दोन कामे साध्या साऊंड कार्डला एकदम झेपत नसत. झेपली तरी संगणक आवाज थेंबाथेंबाने घेत नाही. बादली भरली की उचलतो. ही बादली २,०४८ मोजमापांची असेल, तर ती भरायला सुमारे ४६ मिलिसेकंद लागतात. आवाज आत घेताना एक बादली, बाहेर ऐकवताना दुसरी. मिळून ९० च्या वर मिलिसेकंद. हवेत आवाज तेवढ्या वेळात सुमारे ३० मीटर जातो. म्हणजे हेडफोनमधून स्वतःचा आवाज ऐकत गाणाऱ्याला आपण ३० मीटर दूर उभे राहून गातोय असे वाटते. डफ पाराजवळ आणि शाहीर वेशीपाशी, अशी स्थिती. पोवाडा कसा रंगणार? १९९७ मध्ये स्टाइनबर्गने ‘एसिओ’ ही रीत काढून संगणकाच्या आतला हा फेरा कमी केला. ज्यांच्याकडे त्याला साजेसे कार्ड नव्हते त्यांनी साधा उपाय केला : हेडफोनचा एकच कान झाकायचा, ट्रॅक त्यातून ऐकायचा आणि आपला आवाज उघड्या कानाने थेट हवेतून ऐकायचा. गाऊन झाले की आवाजाची पट्टी माऊसने थोडी मागे सरकवून तालावर बसवायची. कीर्तनात कानावर हात ठेवून सूर धरण्याची जुनी लकब इथे अशी कामी आली.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात यापुढच्या अडचणी यंत्राच्या नव्हत्या. २००५ नंतरच्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दिवसाचे कित्येक तास भारनियमन सोसले. वीज जाते तेव्हा ट्रॅक जातो आणि न साठवलेला आवाजही जातो. म्हणून रेकॉर्डिंग रात्री. रात्री वीज असे, शेजारचा कुकर शिट्टी देत नसे आणि रस्त्यावरून ट्रॅक्टर जात नसे. भिंतीचा नाद मारायला गोधड्या आणि गाद्या टांगायच्या. पंखा बंद, कारण माईकला त्याची घरघर ऐकू येते. वऱ्हाडातल्या एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीत, पंख्याविना, गोधड्यांच्या आत गाणे म्हणजे काय, हे कोणत्याही सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले नसते.

आणि नेमका एप्रिलच महत्त्वाचा, कारण १४ एप्रिलला भीमजयंती असते. दरवर्षी नवी गीते हवी असतात. १२ जानेवारीला सिंदखेड राजा येथे जिजाऊ जन्मोत्सव, माघात शेगावला गजानन महाराजांचा प्रकटदिन, होळीच्या सुमारास सैलानी बाबांची यात्रा. प्रत्येक उत्सवाचे आपापले गाणे आहे आणि ते गाणाऱ्यांची जिल्ह्यात कधीच वाण नव्हती. वाण होती ती स्टुडिओच्या भाड्याची. घरच्या संगणकाने ते भाडे जवळजवळ शून्यावर आणले. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणारा खुर्चीतला माणूसही त्याबरोबर गेला. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि गाणे लोकांपर्यंत पोचवण्याचा खर्चही उरला नाही.

या बदलाने गाणे कसे बदलले, हे पाहायला पोवाड्याचे उदाहरण पुरेसे आहे. शाहीर कडवे म्हणतो, मागचे झीलकरी झील धरतात. चार माणसे, चार घसे, थोडे पुढेमागे, थोडे वरखाली. त्यातून भरदार आवाज तयार होतो. घरी गाणारा एकटा असतो, म्हणून तो झील चार वेळा स्वतःच गातो आणि चार पट्ट्या एकावर एक ठेवतो. तो स्वतःचाच झीलकरी बनतो. बेशेने १९४१ मध्ये महत्प्रयासाने जे केले ते आता चहा होईस्तोवर होते. पण एकाच घशाचे चार आवाज चार घशांच्या आवाजासारखे लागत नाहीत. ते गुळगुळीत लागतात. कान सरावलेला असेल तर हा फरक लगेच कळतो.

दुसरा बदल अधिक खोल आहे. गोंधळात, भारुडात, कीर्तनात लय माणसाबरोबर वाढते. कीर्तनकार एखाद्या शब्दावर थांबला तर मृदंग थांबतो. सभा तापली की टाळकरी लय चढवतात. लावणीत ढोलकीवाला गाणारीच्या पदराकडे, पावलाकडे पाहून तोडा घेतो. हे परस्परांकडे पाहणे हाच साथीचा प्राण. ट्रॅक कोणाकडे पाहत नाही. त्यात मिनिटाला ९० ठोके ठरले की पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ९०. गायकाने त्याच्यामागे जायचे. साथ हा शब्दच उलटा झाला. आता गायक ट्रॅकला साथ देतो.

शिवाय तो ट्रॅक बहुधा दूरच्या एखाद्या शहरात बनलेला असतो. त्यातली ढोलकी कोण्या अनाम वादकाने एकदा वाजवलेल्या चार मात्रांच्या तुकड्याची, म्हणजे लूपची, शेकडो वेळा केलेली पुनरावृत्ती असते. नाशिकच्या आणि नांदुऱ्याच्या गाण्यात तीच ढोलकी, तोच ठेका. वऱ्हाडी बोली गायकाच्या जिभेवर शाबूत राहते, पण तिच्या खालचा ताल कुठलाच राहत नाही. गावचा ढोलकीवाला, बेंजो पार्टीतला वादक, ऑर्केस्ट्रातला कॅसिओवाला यांना ‘ट्रॅक शो’च्या काळात बोलावणे कमी येते. गायकाला दार उघडले ते बऱ्याच अंशी या मंडळींच्या जागेतून. घरच्या रेकॉर्डिंगचे कौतुक करताना ही बाजू क्वचितच सांगितली जाते.

सुरांचेही असेच आहे. १९९७ मध्ये अँडी हिल्डेब्रँड याने ‘ऑटो-ट्यून’ आणले. हा गृहस्थ आधी भूगर्भातल्या तेलाच्या शोधासाठी जमिनीतल्या लहरींचे गणित मांडत असे. तेच गणित त्याने गळ्याला लावले. बेसूर स्वर जवळच्या सुरावर ओढून बसवायचा. पण कोणत्या सुरावर? पाश्चात्य पद्धतीने समान अंतरावर आखलेल्या बारा सुरांपैकी एकावर. दोन सुरांच्या मधून जाणारी मींड, ओवीतला किंचित उतरलेला गंधार, कव्वालाची ताण या यंत्राला चूक वाटते आणि ते ‘सुधारते’. पेटीच्या पट्ट्या भारतीय गायकीचा लवचीकपणा मारतात, या कारणाने आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके हार्मोनियमवर बंदी घातली होती. पेटी निदान गायकाच्या शेजारी बसे. ऑटो-ट्यून गळ्याच्या आतच येऊन बसले. अर्थात सॉफ्टवेअरमध्ये हा ओढा कमी-जास्त करण्याची सोय असते, आणि जाणकार गायक तो पार मंद ठेवतात.

उरला हक्काचा प्रश्न. दुसऱ्याच्या गाण्याच्या ट्रॅकवर गाणे कायद्याने कोणाचे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये घातलेल्या ३१-सी या कलमानुसार गाणे पहिल्यांदा मुद्रित झाल्यानंतर पाच वर्षांनी ते नव्याने गाऊन मुद्रित करता येते; पण सूचना द्यावी लागते आणि साधारणतः किमान ५०,००० प्रतींचे मानधन आगाऊ भरावे लागते. ही आकडेमोड कॅसेटच्या कारखान्याला शोभणारी आहे. सिंदखेड राजाच्या एका खोलीत एकच प्रत गाणाऱ्याला ती कशी लागू पडावी? प्रत्यक्षात हा हिशेब यूट्यूबच्या यंत्रणा लावतात : चाल ओळखली जाते आणि जाहिरातीचे पैसे मालकाकडे वळतात.

शेवटी पुन्हा ‘शीळ’. ट्रॅक नसेल तर जुन्या गाण्यातून आवाज काढून टाकण्याची एक युक्ती घरच्या संगणकांवर पूर्वीपासून चाले. गायकाचा आवाज दोन्ही वाहिन्यांत सारखा असतो, म्हणून एक वाहिनी उलटी करून दुसरीत मिसळली की मधला आवाज बराचसा विरतो. १९३२ च्या तबकडीवर ही युक्ती चालत नाही, कारण तिला वाहिनीच एक. पण नोव्हेंबर २०१९ मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीने ‘स्प्लीटर’ हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. असंख्य गाणी ऐकून शिकलेले हे यंत्र एका वाहिनीतूनही आवाज आणि वाद्ये अलग करू पाहते. २०२३ मध्ये बीटल्सच्या ‘नाऊ अँड देन’ या गीतासाठी जॉन लेननचा आवाज एका जुन्या घरगुती कॅसेटवरच्या पियानोपासून सोडवला गेला, तो याच जातीच्या तंत्राने.

तेव्हा मेणात एकजीव झालेली ‘शीळ’ची साथ जी. एन. जोशींच्या आवाजापासून वेगळी करून तिच्यावर मेहकरातल्याच कोणी आज गावे, हे आता अशक्य राहिलेले नाही. तबकडीची खरखर वाद्यांना चिकटून येईल, आवाजाची पुसट सावली मागे उरेल. पण गाता येईल. त्या जुन्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क केव्हाच संपला आहे. शब्दांचा संपलेला नाही. ना. घ. देशपांडे यांचे निधन १० मे २००० रोजी झाले आणि कायदा कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क जपतो. म्हणजे त्या शब्दांसाठी ३१ डिसेंबर २०६० पर्यंत कवीच्या वारसांची परवानगी घ्यावी लागेल.